ते बोर, ती बोर, तो बोर

आमच्या घरात 'बोर' हा शब्द तिन्ही लिंगांत चालतो. ते बोर म्हणजे फळ. ती बोर म्हणजे झाड. आणि तो बोर म्हणजे पाण्यासाठी जमिनीत मारलेला, सहा इंची. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या ओसरीवर बसा, एका चहात तिन्ही बोरांच्या गप्पा होतात आणि कुणाचा गोंधळ होत नाही. 'बोरीच्या जागेवरचा बोर आटला' हे वाक्य मी आमच्या आप्पांच्या, म्हणजे वडलांच्या, तोंडून ऐकलेलं आहे. त्या दिवशी ते जेवले नव्हते.

गाव आमचं बार्शी रस्त्याला, नान्नजच्या पुढं. वर वीतभर माती, खाली मुरूम. पाऊस वर्षाकाठी ५५० मिलिमीटरच्या आसपास, तोही सलग कधीच नाही. मृगात दोन सरी देऊन जो जातो तो हस्तातच परत तोंड दाखवतो. असल्या रानात ज्वारी येते, करडई येते, आणि कुणी न लावता बोर येते.

आमच्या पूर्वेच्या बांधावर अशीच एक गावठी बोर होती. कुणी लावली म्हणून विचारलं की आज्जी सांगायची, "कोल्ह्यानं लावली." लहानपणी मला ती थापच वाटायची. पुढं कळलं की ती अगदी बरोबर सांगत होती. कोल्हा, खोकड, पाखरं, सगळी बोरं खातात आणि आठळी कुठंतरी टाकून जातात. नान्नजचा माळ १९७९ साली ज्याच्यासाठी अभयारण्य झाला तो माळढोकही बोरं खातो. आज्जीनं त्याला आमच्या बोरीखाली चालताना पाहिलं होतं. "शहाण्या माणसागत मान वर करून चालायचा," असं ती म्हणायची. मला तो कधी दिसला नाही.

त्या झाडाखाली माझी दहा-बारा वर्षं गेली असतील, म्हणून मला बोरीचा काटा नीट ठाऊक आहे. तो पानाच्या देठापाशी जोडीनं असतो. एक सरळ, सुईसारखा. दुसरा मागं वळलेला, गळासारखा. सरळ काटा टोचतो आणि वाकडा धरून ठेवतो. हात आत घालताना काहीच होत नाही. बाहेर काढताना बाही, कातडं, परकराची किनार, जे सापडेल ते तिथं राहतं. आज्जीनं शिकवलं होतं, अडकलीस की ओढायचं नाही. आधी हात थोडा पुढं न्यायचा, वाकड्या काट्याला सोडू द्यायचं, मग वर उचलायचा. अजूनही गर्दीच्या बसमध्ये पदर कुठं अडकला की माझा हात आपोआप आधी पुढं जातो.

पान वरून गडद आणि चकचकीत, खालून पांढरं आणि लोकरीसारखं मऊ. उन्हाळ्याच्या तोंडाला चारा संपला की शेळ्या हाच पाला ओरबाडायच्या, त्यांच्या जिभेला काटा कसा लागत नाही याचं मला फार नवल वाटायचं. छाटलेल्या फांद्यांच्या फेसाट्या बांधावर रचल्या की ज्वारीच्या पिकात जनावर शिरायची बिशाद नव्हती. लाकूड टणक, औजारांचे दांडे त्याचे व्हायचे. एवढं सगळं देऊन ती बोर वर्षातून एकदा फळंही द्यायची.

फळं खायला मात्र मुहूर्त होता. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय बोर तोंडात घालायचं नाही. "बोर भाजी आवळा, कृष्णदेव सावळा" असं म्हणत तुळशीपुढं बोरं, आवळा, ऊस ठेवला की मग रान मोकळं. आज्जी कार्तिकीला पंढरपूरला जायची. ती बुक्का घेऊन परत येईपर्यंत आम्ही झाडाखाली नुसते फिरायचो. मला आता त्या नियमातलं शहाणपण दिसतं. कार्तिकाआधीचं बोर कच्चं, तुरट, घसा धरणारं असतं. चार आठवडे पोरांचे हात आवरले की झाडावर फळ भरतं आणि पाखरांनाही त्यांचा वाटा मिळतो.

गावठी बोर म्हणजे गोटीएवढं. पिकलं की तांबूस-विटकरी होतं, गर थोडा, आठळी मोठी. झाडावरच सुरकुतलेलं बोर मिळालं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. चावलं की आत जरा पोकळ लागतं, गर खारकेसारखा दाताला चिकटतो, आधी आंबट, मग गोड आणि शेवटी टाळूला किंचित तुरटपणा. आम्ही पोरं बोरं फोडून न बघता खायचो. किडकं बोरच जास्त गोड असतं असा आमचा ठाम समज होता, आणि दिवेलागणीला खाल्ली तर अळी दिसायचा प्रश्नच नव्हता. आई मात्र प्रत्येक बोर नखानं चिरून बघूनच हातावर ठेवायची.

१९९० साली राज्य सरकारनं रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली. कोरडवाहू शेतकऱ्याला खड्डे, रोपं, खत यांचा खर्च अनुदानातून मिळायला लागला आणि माळरानावर पहिल्यांदा कुणी ठरवून झाडं लावली. आप्पांनी १९९३ साली दीड एकरात बोर धरली. सहा-सहा मीटरवर खड्डे, १६० झाडं. लोकांना हसू आलं होतं. जे झाड आपण कुऱ्हाडीनं तोडून बांध मोकळा करतो ते हा माणूस खड्डा करून लावतोय.

बोरीचं रोप आणून लावलं की चांगलं चालत नाही. तिचं सोटमूळ सरळ खाली जातं, उपटताना तेच दुखावतं. म्हणून आठळी जागेवरच पेरायची, गावठी झाड वाढवायचं आणि मग त्याच्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, भरायचा. आठळ्या कुठून आणायच्या हा प्रश्नच नव्हता. बांधावरच्या बोरीच्या पाटीभर आठळ्या आज्जीनं ओसरीवर धुऊन वाळवल्या. मिठाच्या पाण्यात टाकल्या. तरंगल्या त्या फेकल्या, तळाशी बसल्या त्या ठेवल्या. मग ती आणि मी दोघी पाटा-वरवंटा घेऊन बसलो. आठळीवर वरवंट्याचा असा टोला द्यायचा की वरचं कवच तडकेल पण आतल्या दाण्याला इजा होणार नाही. कवच फोडून पेरलं तर आठवड्यात उगवतं, तसंच टाकलं तर तीन-चार आठवडे वाट बघायला लावतं. माझ्या टोल्यानं निम्मे दाणे चेंगरले. आज्जी काही बोलली नाही, नुसता माझा हात धरून वरवंटा किती उचलायचा ते दाखवलं. अंगठ्याएवढा. तेवढाच.

दुसऱ्या वर्षी, १९९४ च्या जुलैत, सांगोल्याकडचे कलम बांधणारे मामा आले. सायकलला ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या, कमरेला चाकू. गावठी रोपं तोवर पेन्सिलीएवढ्या जाडीची झाली होती. मामा रोपापुढं उकिडवे बसायचे, जमिनीपासून वीतभर वर सालीला आडवा एक काप, त्याच्या मधून खाली उभा एक काप. चाकूच्या मागच्या टोकानं साल दोन्हीकडं उघडायची, पुस्तकाचं पान उघडावं तशी. "साल सुटली पाहिजे," ते म्हणायचे, "ओढून काढावी लागली तर समजायचं झाड तयार नाही." मग उमराण जातीच्या काडीवरचा एक डोळा, ढालीच्या आकाराच्या सालीसकट, कापून त्या फटीत वरून खाली सरकवायचा. वर प्लॅस्टिकची पट्टी, डोळा तेवढा उघडा ठेवून. एका रोपाला त्यांना दीड-दोन मिनिटं लागत असतील. मी मागून चिखल तुडवत पट्ट्या देत होते.

जाताना त्यांनी आप्पांना एकच गोष्ट बजावली. "डोळ्याच्या खालून फुटवा आला की लगेच काढायचा. दया दाखवायची नाही. खालची गावठी जोरात असते, ती वर आली की कलम मागं पडतंय." त्यानंतर दहा वर्षं आप्पा दर पंधरा दिवसांनी १६० बुंध्यांपुढं वाकून खालचे फुटवे खुडत राहिले.

बोरबाग सांभाळणं म्हणजे उलट्या वेळापत्रकाची शेती. चैत्र-वैशाखात सगळं जग पालवतं तेव्हा बोर पानं टाकून झोपी जाते. तेव्हाच तिची छाटणी करायची, आणि हात राखून नाही. फळ नव्या फांदीवर, पानाच्या बगलेत लागतं; जुनं लाकूड राखून काही मिळत नाही. आप्पा पहिल्यांदा छाटत होते तेव्हा आज्जी उठून घरात गेली होती, तिला बघवेना. पावसाला सुरुवात झाली की त्याच थोटक्यांतून कोंब निघतात, श्रावण-भाद्रपदात बारीक हिरवट-पिवळी फुलं येतात. फुलांना वास आहे, पण तो देवाला वाहायचा वास नाही. जड, उग्र, माश्या-गांधीलमाश्यांना बोलावणारा. त्या दिवसांत बागेतून शाळेला जाताना मी नाक धरून पळायचे. फळ मुगाएवढं झालं की भुरीची भीती, पांढरी पावडर धरून फळ खडबडीत होतं. गंधकाची फवारणी करायची. पुढं फळमाशी. तिची अळी फळात वाढते आणि कोषात जायला मातीत उतरते, म्हणून गळालेलं एकेक फळ वेचून खोल खड्ड्यात पुरायचं आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती उलटीपालटी करायची. औषधाचा डबा विकत मिळतो, वेचणं मात्र माणसालाच करावं लागतं, आणि माझ्या मते बोरीची अर्धी राखण या वेचण्यातच आहे.

पहिलं भरघोस पीक १९९६ च्या डिसेंबरात आलं. वीस झाडं कडाका जातीची होती, दहा मेहरूणची, बाकी सगळी उमराण. मेहरूण लवकर गोड व्हायचं, उमराण सगळ्यांत शेवटी. उमराणचं बोर अंड्याच्या आकाराचं, आधी हिरवं, मग सोनेरी पिवळं, आणि ठेवलं तर चॉकलेटी. पिवळं असतानाच तोडायचं. एका झाडावरची सगळी बोरं एकदम तयार होत नाहीत, त्यामुळं चार-पाच दिवसांनी परत तीच ओळ, तीच झाडं. तोडायला येणाऱ्या बाया हाताला जुन्या बाह्या शिवून घ्यायच्या. दुपारी भाकरी सोडायला बसल्या की एकमेकींच्या बोटांतले काटे सुईनं काढायच्या आणि गाणी म्हणायच्या. खालच्या आठळीतून आलेली गावठी ताकद आणि वरच्या डोळ्यातून आलेला गोडवा असं काही मी तेव्हा म्हणत नव्हते, पण बागेत उभं राहिलं की बांधावरची म्हातारी बोर आणि तिच्या मुळांवर उभी ही १६० झाडं एका नजरेत दिसायची.

बाजाराचं फार लिहीत नाही. आठ वर्षांत दोनच वर्षं बरी गेली. सगळ्यांचीच बोरं संक्रांतीच्या आठवड्यात यायची, आणि पिवळं बोर दोन-तीन दिवसांपलीकडं तजेला धरत नाही. १९९९ सालची अडत्याची एक हिशेबपट्टी आईनं कितीतरी वर्षं देवघराच्या फळीवर ठेवली होती. तोलाई, हमाली, भाडं, बारदाना वजा जाता १४ पोत्यांचे हातात आले ११२ रुपये. अडत्याकडं आप्पांनी विचारलं, एवढंच? तर उत्तर आलं, "बोरं हायत अण्णा, डाळिंब न्हाई." पैशापेक्षा हे वाक्य त्यांना लागलं असं मला वाटतं. बोर म्हणजे गरिबाचं फळ, रानात फुकट मिळणारं, ते विकत कोण घेणार? ज्यांनी विकत घेऊन खाल्लं तेही हेच म्हणायचे.

आज्जी २००३ च्या दिवाळीत गेली. पुढच्या उन्हाळ्यात आप्पांनी बाग काढली आणि डाळिंब धरायचं ठरवलं. डाळिंबाला दोष देण्याचा माझा विचार नाही. त्या पिकानं या जिल्ह्यात कित्येकांची घरं उभी केली, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आलं, २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण डाळिंबाला ठिबक लागतं आणि ठिबकाला पाणी. जमिनीतलं पाणी शोधणारा पाणाड्या हातात नारळ घेऊन सगळं रान फिरला आणि पूर्वेच्या बांधावर, बोरीपाशी येऊन थांबला. नारळ उभा राहिला. "भर उन्हाळ्यात हिरवी हाय म्हणजे खाली पाणी असणारच," तो म्हणाला. बोर मारणारी गाडी आत यायला जागा नव्हती. ती बोर तोडली तेव्हा मी सोलापुरात परीक्षेला होते. घरी आले तर बांधावर नुसतं ऊन पडलेलं होतं आणि त्या उन्हात लोखंडी पाइप उभा होता.

पहिला बोर ३२० फुटांवर लागला. दुसरा ४८०. तिसरा ६०० फूट जाऊन कोरडा गेला. २००८ ला डाळिंबावर तेल्या आला. फळावर तेलकट काळे डाग, मग चिरा, मग सगळं झाडाखाली. जिवाणूचा रोग, लागला की बरा करणारं औषध नाही. २०१० ला डाळिंब काढलं. २०१२ च्या दुष्काळात, जिल्हाभर चारा छावण्या लागल्या तेव्हा, बोरीच्या जागेवरचा पहिला बोरही आटला.

लग्नानंतर मी सोलापुरातच राहिले. शहरात बोर भेटतं ते गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत. सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक निघते, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी मधल्या मारुतीपाशी सुगडं, ऊस, हरभऱ्याचे डहाळे, गाजरं आणि बोरं घेऊन बसलेल्या बायांमधून चालायला जागा नसते. मी गेली कित्येक वर्षं बोरं घेताना तिथंच एक खाऊन बघते. चेकनेट, चमेली, उमराण, आणि अलीकडं ॲपल बोर. ॲपल बोर हिरवं, मोठं, कुरकुरीत, काटा कमी म्हणून तोडायला सोपं. शेतकऱ्याला त्यानं चार पैसे दिले असतील तर मला आनंदच आहे. पण मला ते खाताना पाणी खाल्ल्यासारखं वाटतं.

भोगीच्या भाजीत तर ते चालतच नाही. त्या भाजीत सगळ्याच गोष्टी गोडसर असतात. गाजर, पावटा, वालाच्या शेंगा, हरभरे, तिळाचं आणि शेंगदाण्याचं कूट, वरून गुळाचा खडा. त्या सगळ्याला आंबट-तुरट ओढ देणारं एकच जिन्नस असतं ते बोर. आई पातेलं उतरायच्या जरा आधी बोरं टाकते, प्रत्येकाला उभा एक चर देऊन. चर एवढ्यासाठी की आतली अळी दिसावी आणि रस्सा आठळीपर्यंत जावा. शिजल्यावर साल सुटते, गर रश्श्यात थोडा विरघळतो, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर ते बोर तोंडात घोळवून आठळी ताटाच्या कडेला लावायची. माझ्या मुलीला ही आठळ्यांची रांग मोजायला आवडते. ॲपल बोर टाकलं तर त्याची नुसती भोपळ्यासारखी फोड होते.

तिचं बोरन्हाणही आम्ही केलं होतं, २०१० साली. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेली. चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, रेवड्या आणि बोरं डोक्यावरून ओतली आणि सगळी पोरं वेचायला तुटून पडली. त्या बोरांसाठी मी लक्ष्मी मंडई पालथी घातली, कारण मला लहान गावठीच हवी होती. मोठं बोर बाळाच्या डोक्याला लागतं. आता बऱ्याच घरांत बोरन्हाणात गोळ्या-चॉकलेटं असतात आणि बोरं नावाला चार-पाच. थंडी सरताना मुलानं नवं फळ अंगाखांद्यावर घेऊन ओळखावं, जमिनीवरून वेचून खावं, यासाठी तो सोहळा आहे. बोरं काढून घेतली तर उरतो तो नुसता वाढदिवस. हे मला मनापासून खटकतं आणि मी बोलावलं त्या प्रत्येक घरी पिशवीभर बोरं घेऊन जाते.

बोरकुटाचा वास आला की मला आज्जीचं मडकं आठवतं. जास्तीची गावठी बोरं ती पत्र्यावर आठ-दहा दिवस वाळवायची, खुळखुळायला लागली की उखळात कुटायची. आठळी वेगळी, कूट चाळून वेगळं. त्यात मीठ, जिरं, थोडं तिखट, गूळ. शाळेबाहेर पाटीवाल्या मावशी कागदाच्या पुडीत विकायच्या तेही हेच, पण आज्जीचं जास्त आंबट. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, पोरांना सुकडी. आप्पा तेव्हा दहा वर्षांचे. मिलोची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरेना, तेव्हा आज्जी बोरकूट पाण्यात कालवून त्यात भाकरीचा तुकडा बुडवून द्यायची. त्या हिवाळ्यात विहिरी कोरड्या होत्या आणि बांधावरच्या बोरीला बोरं होती. आप्पांनी हे मला पहिल्यांदा सांगितलं ते २०१२ मध्ये, आटलेल्या बोरापाशी उभं राहून. त्याआधी इतक्या वर्षांत एकदाही नाही.

त्याच वेळी त्यांनी मला कडेची ओळ दाखवली. २००४ ला बाग काढताना बांधालगतची सात खोडं मशिनला निघाली नव्हती, ती जमिनीबरोबर कापून सोडली होती. डाळिंब होतं तोवर दरवर्षी त्यांच्यातून फुटवे यायचे आणि दरवर्षी कोयत्यानं उडवले जायचे. डाळिंब गेल्यावर कुणी उडवायला उरलं नव्हतं. दुष्काळाच्या त्या उन्हात रानात तेवढंच हिरवं होतं. मी जवळ जाऊन पानं उलटून बघितली. कलमाच्या जागेच्या खालून आलेले होते सगळे. उमराण कधीच मेली होती. ही बांधावरची बोर होती, आज्जीनं पाट्यावर आठळ्या फोडून लावलेली.

त्या फुटव्यांना दोन वर्षांनी बोरं आली. गोटीएवढी, तांबूस, आठळी मोठी. खाल्ली आणि मला ती चव बरोबर लागली.

पुढं किती वर्षं ती तशीच वाढली. २०२२ मध्ये दादानं ठरवलं, सात बुंधे आहेत तर त्यांच्यावर ॲपल बोराचे डोळे भरू. मूळ जुनं, खोल गेलेलं, पाण्याशिवाय चालेल. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, उमराण भर, आणि प्रत्येक झाडाची एक फांदी मला गावठी ठेव. दादा म्हणाला, "मामा काय सांगून गेले ते विसरलीस? गावठी ठेवली की कलम मागं पडतं." आम्ही दोघांनी आप्पांकडं बघितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पडू दे थोडं मागं. दीड एकराची बाग न्हाई आता. सात झाडं हायती."

डोळे भरायला आप्पाच बसले, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. झाडाचा डोळा भरायला माणसाचा डोळा शाबूत लागतो. दोन काप वाकडे गेले, तेव्हा त्यांनी चाकू माझ्याकडं दिला. आडवा काप, उभा काप. जुलैचा पाऊस झालेला, साल अलगद सुटली. आतलं लाकूड ओलं, पांढरट-हिरवं, हात लावला तर थंड. मी ढाल सरकवली, पट्टी गुंडाळली, आणि आप्पा मागून पट्ट्या देत राहिले. चौदा डोळे भरले, नऊ जगले. एका झाडावर एकही नाही, ते पूर्ण गावठीच राहिलं.

यंदाच्या भोगीला मी गावी होते. आईनं दोन परड्या पुढ्यात घेतल्या होत्या. उमराणची पिवळी बोरं तिनं पोरांसाठी बाजूला ठेवली आणि भाजीसाठी गावठीची परडी जवळ ओढली. एकेक चिरून, आत बघून पातेल्यात. जेवणं झाल्यावर ताटाच्या कडेच्या आठळ्या आप्पांनी गोळा केल्या, आमच्याही आणि पोरांच्याही, नळाखाली चोळून धुतल्या आणि एका वाटीत मिठाचं पाणी करून त्यात टाकल्या. माझी मुलगी वाटीवर वाकून मोजायला लागली. सोळा तळाशी गेल्या, पाच तरंगत होत्या. तरंगणाऱ्यांतली एक तिनं बोटानं खाली दाबून बघितली. ती परत वर आली.